गोधडी

गोधडी : वापरून मऊ झालेल्या जुन्या सुती वस्त्रांचे थर एकमेकांवर पसरून व ते धावदोऱ्याने एकत्र शिवून तयार केलेले अंथरूण किंवा पांघरूण. पश्चिम महाराष्ट्रात तिला 'वाकळ' असेही म्हणतात. लहान मुलाच्या अंगाखाली घालावयाच्या दोन थरांच्या छोट्या वस्त्रास 'दुपटे', तर चार पदरी पांघरुणास 'चौघडी' ही नावे रूढ आहेत. गुजरातीत 'गोदडी', हिंदीत 'गुदडी' व 'कथरी', कन्नडमध्ये 'कौदी' आणि तेलुगूत 'बोंत' अशी या प्रकारच्या वस्त्रांची नावे आढळतात. गोधडी आणि घोंगडी या निराळ्या वस्तू होत. घोंगडी मेंढीच्या लोकरीपासून विणलेली असते. रजई व दुलई यांत पिंजलेला कापूस भरलेला असतो. गोधडीत मात्र बाहेरचे कापड आणि आतील भरण ही दोन्ही जुन्या कपड्यांचीच असतात. अंगावर घालण्यास निरुपयोगी ठरलेल्या वस्त्रास दुसरे आयुष्य देणे, हे तिचे मुख्य लक्षण होय.

साहित्य : गोधडीचे परंपरागत मुख्य साहित्य म्हणजे सुती नऊवारी लुगडे. त्याची लांबी सु. ८.२ मी. भरते. ते चौपदरी केले असता सु. २ मी. लांबीचे चार थर मिळतात आणि ही लांबी एका माणसाच्या अंथरुणास पुरेशी असते. गोधडीचे नेहमीचे आकारमान असे वस्त्राच्या मापातूनच ठरत आले आहे. लुगड्याशिवाय धोतरे, पटके, उपरणी, सदरे, परकर, चोळ्या, मुलांची अंगडी आणि शिंप्याकडील कातरण यांचाही उपयोग होतो. मोठी व सलग वस्त्रे अस्तरासाठी व वरच्या थरासाठी राखून ठेवतात. फाटकी, विटलेली किंवा आखूड वस्त्रे मधल्या थरांत घालतात. शिवणी, गुंड्या, हुक आणि जाड पट्ट्या आधी उसवून काढाव्या लागतात, कारण त्या अंगाला टोचतात व सुईच्या वाटेत येतात. लुगड्याचे काठ व पदर घट्ट विणीचे असल्यामुळे मधल्या भागापेक्षा अधिक टिकतात. ते कापून घेऊन गोधडीच्या कडेस लावण्याची रीत आहे. यामुळे सर्वांत जास्त झिजणाऱ्या कडेला सर्वांत बळकट कापड मिळते व गोधडीला आपोआप एक रंगीत चौकटही लाभते.

शिवण्याची पद्धती : प्रथम सारवलेल्या किंवा फरशीच्या स्वच्छ जमिनीवर अस्तर पसरून चारी कोपऱ्यांवर वजने ठेवून ते ताणून घेतात. त्यावर मधले थर एकामागून एक मांडतात. एका थरातील भोक दुसऱ्या थराच्या धड भागाखाली येईल आणि जाडी सर्वत्र सारखी राहील, याकडे या वेळी लक्ष द्यावे लागते. सर्वांत वर दर्शनी कापड किंवा ठिगळांची जुळणी येते. नंतर लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर टाचून घेतात, कडा आत दुमडतात आणि जाड सुईने व दुपदरी किंवा चौपदरी दोऱ्याने पक्की शिलाई सुरू करतात. काही ठिकाणी धावदोऱ्याच्या ओळी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत समांतर नेतात. काही ठिकाणी त्या कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन अशा रीतीने मध्याकडे सरकतात. दुसऱ्या पद्धतीत कापडाला पडणाऱ्या सुरकुत्या हाताने पुढे सारीत न्याव्या लागतात. त्या नीट न सारल्यास मध्यभागी फुगा येतो.

या कामी लागणाऱ्या श्रमाचा अंदाज साध्या हिशेबाने करता येतो. २ मी. लांब व १.२ मी. रुंद गोधडीत दोन ओळींमधील अंतर २ सेंमी. धरल्यास सु. ६० ओळी, म्हणजे सु. १२० मी. शिलाई होते. दर सेंटिमीटरला एक टाका धरला, तरी टाक्यांची संख्या सु. १२,००० भरते. प्रत्येक टाका अनेक थरांतून आरपार न्यावा लागतो. हे काम सामान्यतः शेतीच्या कामांतून सवड मिळेल तेव्हा, दुपारच्या वेळी, घरातील व शेजारच्या स्त्रिया मिळून करीत. ज्या घरी वेळ किंवा माणसे नसत, तेथे मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया बोलावल्या जात. शहरांतील वस्त्यांतून फिरून अशा प्रकारे काम मिळविणाऱ्या स्त्रिया अद्यापही काही ठिकाणी आढळतात.

रचना : गोधडीचे सौंदर्य पूर्वनियोजित आराखड्यापेक्षा उपलब्धतेतून निर्माण झालेले असते. हाती असलेल्या तुकड्यांचे आकार, त्यांचे विटलेले रंग आणि धड उरलेला भाग यांनी रचनेच्या मर्यादा घालून दिलेल्या असतात. शिवणारीचे कौशल्य या मर्यादांच्या आत दिसून येते. गडद इरकली लुगड्याशेजारी धोतराचा पांढरा तुकडा ठेवणे, खणाच्या लहान तुकड्यांनी मध्यभाग भरणे, चौकोन व त्रिकोण यांची आलटून पालटून मांडणी करणे हे तिचे नेहमीचे मार्ग होत. वारंवार धुतल्यामुळे सर्वच रंग काहीसे फिकट झालेले असतात. त्यामुळे नव्या कापडात एकमेकांना मारक ठरणारे रंग गोधडीत सहज नांदतात. धावदोऱ्यामुळे पृष्ठभागावर बारीक चढउतार उमटतात व साध्या कापडालाही एक पोत येतो. घरातील माणसांना त्यातील तुकडा न् तुकडा ओळखता येतो. हे लुगडे आजीचे, हा सदरा अमक्या वर्षीचा, अशी कुटुंबाची एक अलिखित नोंद गोधडीत राहते. मृत व्यक्तीचे वस्त्र जपून ठेवण्याचाही तो एक मार्ग ठरतो.

उपयुक्ततेची कारणे : गोधडीची ऊब मुख्यतः तिच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे मिळते. स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने अंगातील उष्णता बाहेर जाण्यास अडथळा होतो. जुने कापड वापरण्यामागे केवळ काटकसर नाही. नव्या कापडातील खळ व ताठरपणा अनेक धुण्यांनंतर नाहीसा होतो, धागे सैलावतात आणि कापड अंगाशी मिळते घेते. तान्ह्या मुलाच्या त्वचेला असे कापड सोसते, म्हणून दुपट्यासाठी ते मुद्दाम निवडले जाते. सुताचा आर्द्रताशोषणाचा गुणही महत्त्वाचा आहे. प्रमाणित परिस्थितीत सुती तंतू आपल्या शुष्क वजनाच्या सु. ८.५ टक्के आर्द्रता धरून ठेवतो, तर पॉलिएस्टरच्या तंतूत हे प्रमाण सु. ०.४ टक्के असते. घाम शोषला गेल्यामुळे सुती गोधडी चिकट वाटत नाही. विरलेल्या कापडाचा एकेक थर दुबळा असला, तरी अनेक थर जवळजवळच्या टाक्यांनी बांधले गेल्यामुळे त्यांचे बळ एकवटते. एखाद्या ठिकाणी कापड फाटले, तर पुढची टाक्यांची ओळ ती फाट अडवून धरते.

निगा व अखेरपर्यंतचा वापर : गोधडी जड असल्यामुळे ती रोज धुतली जात नाही. तिला वरचेवर ऊन दाखवितात. घटस्थापनेपूर्वी घरातील सर्व अंथरुणे-पांघरुणे नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची प्रथा ग्रामीण महाराष्ट्रात आहे. भिजलेली गोधडी एकट्याने उचलणे कठीण असल्याने हे काम सामुदायिकपणे होते. पाऊस ओसरल्यावर, थंडी सुरू होण्याच्या आधी पांघरुणांतील दमटपणा व कीड नाहीशी व्हावी, असा या प्रथेचा व्यावहारिक लाभ आहे. वरचा थर झिजला की त्यावर ठिगळ लावतात. फारच झिजला तर संपूर्ण गोधडीवर नवे लुगडे चढवितात. अशा गोधडीत सर्वांत जुने कापड सर्वांत आत राहते. शेवटी ती उसवून तिचे बरे तुकडे दुसऱ्या गोधडीत भरण म्हणून, त्यापुढे पायपुसणे म्हणून आणि अखेरीस पोतेरे म्हणून वापरले जात. सुती चिंधी कालांतराने मातीत मिसळून जाते. त्यामुळे या साखळीत टाकून देण्याजोगे असे जवळजवळ काहीच उरत नसे.

पूर्वपीठिका : ठिगळांच्या वस्त्राची भारतातील परंपरा प्राचीन आहे. संस्कृतात अशा वस्त्रास 'कंथा' म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात विरक्ताच्या वेशाच्या वर्णनात जीर्ण कंथेचा उल्लेख येतो. बौद्ध भिक्षूंनी टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन व जोडून चीवर तयार करावे, अशी रीत विनयपिटकात सांगितली आहे. अशा चिंध्यांना 'पांसुकूल' ही संज्ञा आहे. मगधातील बांध घातलेल्या शेतांच्या रचनेसारखी चीवराची जोडणी आनंदाने बुद्धाच्या सांगण्यावरून योजली, असे तेथे नमूद आहे. महाराष्ट्रात संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) ठिगळांचेच वस्त्र पांघरीत व त्यामुळे लोक त्यांना 'गोधडेबुवा' किंवा 'चिंधेबुवा' म्हणत. या परंपरेत ठिगळ हे अपरिग्रहाचे चिन्ह मानले गेले. सामान्य घरात मात्र त्यामागे गरज होती. हाताने कातलेले व विणलेले कापड महाग होते. गिरणीच्या कापडाने ते काहीसे स्वस्त झाले, तरी गरीब कुटुंबाला वर्षाकाठी मोजकीच वस्त्रे मिळत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची तीव्र टंचाई निर्माण झाली आणि १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत यांवर नियंत्रण आणले. अशा काळात फाटके वस्त्रही मोलाचे ठरत असे.

अन्य प्रांत व देश : गोधडीशी साधर्म्य असणारी वस्त्रे भारताच्या अनेक भागांत तयार होतात. बंगालमधील 'कांथा' ही त्यांतील सर्वांत ख्यातनाम होय. जुन्या साड्या व धोतरे यांच्या थरांवर साडीच्या काठांतून काढलेल्या रंगीत धाग्यांनी कमळे, वृक्ष, प्राणी, रथ व कथाप्रसंग भरले जातात. नक्षीच्या कांथेने लोकजीवनात मिळविलेले स्थान जसीमउद्दीन यांच्या नक्शी कांथार माठ (१९२९) या काव्याच्या शीर्षकातही प्रतिबिंबित झाले आहे. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) व स्टेला क्रामरिश यांनी केलेल्या संग्रहांमुळे कांथेकडे कलावस्तू म्हणून अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. बिहारमधील 'सुजनी' मूलतः नवजात बालकासाठी जुन्या वस्त्रांतून शिवली जाई. सिंध, राजस्थान व गुजरात येथील 'रल्ली' तिच्या भौमितिक ठिगळकामासाठी प्रसिद्ध आहे. उत्तर कर्नाटकात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात. तिची शिलाई कोपऱ्यापासून सुरू होऊन कडेकडेने मध्याकडे जाते व कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना 'फुला' म्हणतात आणि त्यांच्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत.

जपानच्या ईशान्येकडील तोहोकू भागात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तेथील शेतकरी इतर प्रांतांतून जहाजाने आलेल्या सुती चिंध्या विकत घेऊन तागासारख्या खडबडीत कापडावर शिवीत. पिढ्यान् पिढ्या ठिगळे चढलेल्या या निळ्या वस्त्रांना 'बोरो' म्हणतात. एकेकाळी दारिद्र्याची खूण म्हणून लपविली जाणारी ही वस्त्रे आज संग्रहालयांत मांडली जातात. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतावरील जुन्या कपड्यांपासून गोधड्या शिवीत. २००२ मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले आणि २००६ मध्ये त्यांची चित्रे अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आली. त्यानंतर या कलाकृतींच्या विक्रीतून आणि त्यांच्या आकृतिबंधांच्या व्यापारी वापरातून मिळणारा वाटा पुरेसा नाही, अशा तक्रारींवरून काही कारागीर स्त्रियांनी २००७ मध्ये न्यायालयात दावे दाखल केले. कौतुक आणि मोबदला या भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

परंपरेचा ऱ्हास : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात गोधडीची परंपरा क्षीण होऊ लागली. त्याची कारणे अनेक आहेत. १९६० नंतर कृत्रिम धाग्यांचे व मिश्र धाग्यांचे कापड प्रचारात आले. ते लवकर विरत नाही, पण मऊही पडत नाही. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, त्यात घाम शोषला जात नाही आणि सुई सहज चालत नाही. नऊवारी लुगड्याचा रोजचा वापर कमी झाल्याने मुख्य कच्चा मालच आटला. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणींमुळे घरातील वस्त्रांना दुसरी वाट मिळाली. पूर्वी गोधडीत जाणारा धडसा कपडा स्टीलच्या पातेल्यासाठी दिला जाऊ लागला. तो दुरुस्त होऊन जुन्या बाजारात विकला जातो किंवा चिंधी म्हणून कारखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी जातो. हरयाणातील पानिपत येथे जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू सुटे करून त्यांचे पुन्हा सूत काढण्याचा व त्यापासून स्वस्त कांबळी विणण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. या कांबळ्यांनी व त्यांच्यामागून आलेल्या कृत्रिम धाग्यांच्या ब्लँकेटांनी गोधडीची गरज बव्हंशी संपविली. तात्पर्य, जुन्या कापडाचा पुनर्वापर थांबला नाही. तो घरातून बाजारात व कारखान्यात गेला.

गृहसजावटीतील स्थान : ज्या काळात गोधडी घरातील गरज म्हणून मागे पडली, त्याच काळात ती शोभेची वस्तू म्हणून पुढे आली. पलंगपोस, उशांचे अभ्रे, बैठकीवरील आच्छादने, भिंतीवरील शोभापट, पिशव्या इ. स्वरूपांत तिचा वापर होतो. महाराष्ट्रात स्त्रियांचे बचत गट व काही हस्तकला संस्था गोधड्या तयार करून प्रदर्शनांतून विकतात. दिल्ली येथे १९९९ मध्ये स्थापन झालेली 'गूंज' ही संस्था शहरांतून आलेले जुने कपडे निवडून, त्यांतील वापरण्यास अयोग्य कापडापासून सुजनी शिवून घेते. शहरी घरांत जुन्या साड्यांच्या गोधड्या आठवण म्हणून मागणीप्रमाणे शिवून घेण्याकडेही कल दिसतो.

या नव्या वस्तू 'पर्यावरणस्नेही' म्हणून विकल्या जातात. हे विशेषण त्यांतील सर्वांना सारखेच लागू पडत नाही. कच्च्या मालाच्या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार वापरलेल्या वस्त्रांपासून केलेल्या गोधडीचा. तीत कापडाचे आयुष्य वाढते आणि तेवढ्यापुरते नवे कापड पिकविणे, कातणे, विणणे व रंगविणे टळते. दुसऱ्या प्रकारात शिंप्याकडील किंवा तयार कपड्यांच्या कारखान्यातील कातरण वापरतात. ते वस्त्र कधी वापरलेले नसले, तरी वाया जाणारे कापड उपयोगी पडते, म्हणून हाही खरा पुनर्वापर होय. तिसऱ्या प्रकारात नवे ठाण विकत घेऊन त्याचे तुकडे कापतात व ते पुन्हा जोडून ठिगळांचा देखावा निर्माण करतात. येथे बचत काहीच होत नाही. उलट कापताना नवी कातरण पडते. मूळ गोधडीत ठिगळ हे वस्त्र वाचविण्याचे साधन होते. तिसऱ्या प्रकारात ते केवळ अलंकरण ठरते. कृत्रिम धाग्याच्या कापडाची गोधडी पहिल्या प्रकारात मोडत असली, तरी धुताना तिच्यातून सूक्ष्म प्लॅस्टिक तंतू पाण्यात जातात. म्हणून ती वारंवार धुवावी लागणाऱ्या अंथरुणापेक्षा भिंतीवरील शोभापटासाठी अधिक योग्य होय.

श्रममूल्याचा प्रश्न याहून अवघड आहे. घरात शिवल्या जाणाऱ्या गोधडीची मजुरी कधी हिशेबात धरली जात नसे आणि तिच्या स्वस्तपणाचे ते एक कारण होते. विक्रीसाठी शिवलेल्या गोधडीचे हजारो टाके घालण्यास लागणारे दिवस रीतसर मजुरीने मोजले, तर तिची किंमत यंत्रावर विणलेल्या ब्लँकेटपेक्षा पुष्कळ अधिक होते. किंमत कमी ठेवण्यासाठी शिवणयंत्राचा वापर, टाक्यांतील अंतर वाढविणे आणि थर कमी करणे हे उपाय योजले जातात. यंत्राच्या शिलाईने काम लवकर उरकते, पण हातशिलाईचा लवचीकपणा व पोत येत नाही. मजुरी कमी देणे हा चौथा उपाय असून त्याचा भार शिवणाऱ्या स्त्रियांवरच पडतो. जुन्या वस्त्राची निवड, टिकाऊ शिलाई आणि शिवणारीला योग्य मोबदला या तिन्हींचा मेळ बसतो तेथे गोधडी आजही परवडणारी व उपयुक्त ठरते. स्वतःच्या घरातील कपड्यांपासून घरातच किंवा परिचित कारागिराकडून शिवून घेतलेल्या गोधडीत हा मेळ सर्वांत सहज साधतो.